‘याबान’ : एक प्रश्न आणि बेकिर चावुशाचे उत्तर

उस्मानी साम्राज्याचा अस्त आणि तुर्की प्रजासत्ताकाचा उदय ह्या घटनांची ओळख मराठी वाचकाला मुख्यतः दोन वाटांनी झाली. पहिली वाट खिलाफतीच्या चळवळीची. १९१९ पासून त्या चळवळीचे मुख्य ठाणे मुंबईतच होते, आणि तीमुळे इस्तंबूलचा खलिफा येथील वृत्तपत्रांतून घरोघर पोहोचला. दुसरी वाट केमाल पाशाच्या चरित्राची. पहिल्या वाटेने सिंहासन दिसले, दुसऱ्या वाटेने सेनानी दिसला. ज्यांच्या शेतांवरून ही युद्धे गेली आणि ज्यांच्या नावाने पुढे राज्यघटना लिहिली गेली ते अनातोलियातील खेडूत मात्र दोन्ही वाटांवर दिसले नाहीत. याकुप काद्री कराओस्मानओलू (१८८९-१९७४) ह्या कादंबरीकाराची ‘याबान’ (१९३२) ही कृती ह्या दृष्टीने महत्त्वाची ठरते. साम्राज्याकडून प्रजासत्ताकाकडे जाणाऱ्या तुर्की समाजाचे चित्र तीत खेड्याच्या पातळीवरून रेखाटले आहे. ते चित्र कितपत खेड्याचे आहे आणि कितपत चित्र काढणाराचे, हा ह्या कादंबरीच्या परीक्षणातील मुख्य प्रश्न होय.

कथानक थोडक्यात असे. अहमेत जेलाल हा इस्तंबूलमधील एका पाशाचा मुलगा आणि उस्मानी सैन्यातील अधिकारी. पहिल्या महायुद्धात त्याने आपला उजवा हात गमावला आहे. दोस्तांच्या फौजांनी राजधानी ताब्यात घेतल्यावर तेथे राहणे त्याला असह्य होते आणि आपल्या हाताखालील शिपाई मेहमेत अली ह्याच्याबरोबर तो त्याच्या गावी, पोर्सुक नदीच्या परिसरातील एका उजाड खेड्यात, राहावयास जातो. गावकरी त्याला ‘याबान’ म्हणतात, म्हणजे परका, रानातून आलेला. तो रोज दाढी का करतो, केस का विंचरतो, रात्री दिवा लावून वाचीत का बसतो, ह्याचे त्यांना कोडे पडते. मेहमेत अलीला पुन्हा सैन्यात बोलावणे येते. सालिह आगा हा गावचा धनिक गरिबांना नाडीत राहतो. शेख युसुफ नावाचा फिरता साधू गावावर मोहिनी घालतो. शेजारच्या गावातील एमिनेवर अहमेत जेलालचे मन बसते, परंतु तिचे लग्न मेहमेत अलीच्या भावाशी, इस्माइलशी, लागते. अखेरीस ग्रीक सैन्य येते आणि गाव उद्ध्वस्त होते. जखमी एमिनेला घेऊन तो पळतो, पण ती पुढे चालू शकत नाही. आपली वही तिच्या हाती ठेवून तो एकटाच पुढे जातो. ही वही म्हणजेच कादंबरी. साकार्याच्या लढाईनंतर शत्रूच्या अत्याचारांची चौकशी करणाऱ्या मंडळाला ती सापडली, अशी चौकट लेखकाने योजली आहे. ह्या चौकटीत कल्पनेइतकाच अनुभवही आहे, कारण १९२१ मध्ये अशाच एका मंडळाबरोबर याकुप काद्रीने, हालिदे एदिब हिच्यासमवेत, ती जळालेली खेडी स्वतः पाहिली होती.

कादंबरी प्रसिद्ध झाल्यावर तिच्यावर मुख्य आक्षेप आला तो तुर्की शेतकऱ्याच्या निंदेचा. लेखकाने खेडूताला अडाणी, स्वार्थी, देशाविषयी उदासीन असा रंगविला, असे टीकाकारांचे म्हणणे होते. १९४२ च्या आवृत्तीला जोडलेल्या प्रस्तावनेत लेखकाने त्याला उत्तर दिले. हे तटस्थ चित्रण नसून एका भीषण सत्यासमोर उभ्या राहिलेल्या सदसद्विवेकाचा उद्गार आहे, असा त्याच्या समर्थनाचा आशय होता. त्याच वर्षी सत्ताधारी पक्षाच्या कादंबरी-स्पर्धेत ‘याबान’ला दुसरे पारितोषिक मिळाले आणि वाद पुष्कळसा शमला. पुढील टीकेने बहुधा लेखकाचेच समर्थन स्वीकारले. अहमेत जेलाल खेडूताला दोष देतो, पण त्याहून अधिक दोष तो स्वतःच्या वर्गाला देतो. शतकानुशतके सुशिक्षितांनी ह्या भूमीला काही दिले नाही, मग तिच्याकडून पीक कशाचे मागावयाचे, असे तो स्वतःला बजावतो. म्हणून ही कादंबरी म्हणजे सुशिक्षित वर्गाचे आत्मपरीक्षण होय, असा निर्वाळा दिला जातो.

हा निर्वाळा उदार आहे, परंतु तो पुरेसा नाही. निवेदकाचे आत्मपरीक्षण कितीही कठोर असले तरी ते एका गृहीतावर उभे आहे. आपण जे जाणतो ते सत्य आहे आणि खेडूताला ते जाणवत नाही हे दुर्दैव आहे, एवढे तो धरूनच चालतो. दुर्दैवाची जबाबदारी कोणाची, इतकाच वाद तो स्वतःशी घालतो. आपले ज्ञान सत्य आहे काय, हा प्रश्न त्याच्या वहीत येत नाही. आणि आश्चर्य असे की, त्या प्रश्नाचे साधन कादंबरीतच, तिच्या सर्वांत गाजलेल्या प्रसंगात, उपलब्ध आहे.

तो प्रसंग बेकिर चावुशाशी झालेल्या संभाषणाचा. तुर्क असून माणूस केमाल पाशाच्या बाजूचा कसा नसतो, असे अहमेत जेलाल विचारतो. बेकिर चावुश शांतपणे सांगतो की, आम्ही तुर्क नव्हे. आम्ही, देवाच्या कृपेने, मुसलमान. साहेब ज्यांच्याविषयी बोलत आहेत ते तुर्क तिकडे हायमानाच्या बाजूला राहतात. निवेदक हतबुद्ध होतो. ज्या राष्ट्रासाठी त्याने हात गमावला त्या राष्ट्राचे नावही राष्ट्रातील माणसांना ठाऊक नाही! तुर्की शाळांतून आणि समीक्षेतून हा प्रसंग खेडूताच्या अज्ञानाचा पुरावा म्हणून वारंवार सांगितला गेला आहे. पण हे उत्तर ज्या काळात घातले आहे तो काळ, म्हणजे १९२०-२१ ची वर्षे, समोर ठेवून ते तपासले तर निराळेच काही हाती लागते.

२८ जानेवारी १९२० रोजी इस्तंबूलच्या संसदेने संमत केलेला ‘राष्ट्रीय करार’ हा स्वातंत्र्ययुद्धाचा मूळ दस्तऐवज मानला जातो. त्यात ज्या बहुसंख्याकांच्या भूमीचे विभाजन होऊ नये असे म्हटले आहे, ते बहुसंख्य ‘उस्मानी मुसलमान’ आहेत. तुर्क हे नाव तेथे नाही. २३ एप्रिल १९२० रोजी अंकारा येथे महासभा भरली ती मुद्दाम शुक्रवारी, हाजी बायराम मशिदीतील नमाजानंतर. आणि सुलतान-खलिफाला शत्रूच्या कैदेतून सोडविणे हा तिचा एक घोषित हेतू होता. त्याच एप्रिलमध्ये इस्तंबूलच्या शेख-उल-इस्लामने राष्ट्रवाद्यांना बंडखोर ठरविणारा फतवा काढला, तेव्हा अंकाऱ्याने त्याला उत्तर दिले तेही फतव्यानेच. अंकाऱ्याचा मुफ्ती रिफात ह्याच्या पुढाकाराने अनातोलियातील अनेक मुफ्तींनी त्यावर सह्या केल्या. साकार्याची लढाई २३ ऑगस्ट ते १३ सप्टेंबर १९२१ अशी चालली, आणि तीनंतर सहाच दिवसांनी महासभेने मुस्तफा केमालला जी पदवी दिली ती ‘गाझी’. धर्मयुद्धातील विजेत्याची ही पदवी राष्ट्रवादाच्या कोशातील नव्हे.

म्हणजे बेकिर चावुश जे बोलतो ते त्या क्षणी अंकाऱ्याच्या अधिकृत भाषेपासून फार दूर नाही. आपण कोण, ह्या प्रश्नाला त्याने दिलेले उत्तर राष्ट्रीय कराराच्या उत्तराशी जवळजवळ जुळते. ज्याचे उत्तर काळाच्या पुढे आहे तो अहमेत जेलाल होय. आणि तो पुढे आहे ह्याचे कारण त्याचा निर्माता १९३२ मध्ये बसून लिहीत आहे. मधल्या अकरा वर्षांत सुलतानपद गेले (१९२२), प्रजासत्ताक आले (१९२३), खिलाफत गेली (१९२४), टोपीचा कायदा झाला (१९२५), स्विस धर्तीची नागरी संहिता आली (१९२६), लिपी बदलली (१९२८). ह्या सर्वांनी घडविलेले ‘तुर्क’पण हातात घेऊन निवेदक १९२१ च्या गावात शिरतो आणि ते तेथे सापडत नाही म्हणून शोक करतो. राज्याने नुकतीच टाकून दिलेली आपली भाषा खेडूताच्या तोंडी राहिली, आणि राज्याच्या लेखकाला ती अज्ञान वाटली. साम्राज्यातून प्रजासत्ताकात जाताना काय मागे पडले ह्याची इतकी नेमकी नोंद त्या काळच्या इतिहासग्रंथांतही क्वचितच सापडेल. मात्र ही नोंद आपण करीत आहोत ह्याची लेखकाला पूर्ण कल्पना होती, असे म्हणणे धाडसाचे होईल.

प्रसंगाला आणखी एक पदर आहे. उस्मानी काळात इस्तंबूलचे सुशिक्षित स्वतःला ‘उस्मानी’ म्हणवीत, आणि ‘तुर्क’ हा शब्द बहुधा गावंढळ, रांगडा अशा अर्थाने अनातोलियाच्या खेडूताला लावीत. अहमेत जेलालच्या वाडवडिलांनी बेकिर चावुशाला तुर्क म्हटले असते तर ती शिवी झाली असती. आता त्या वाडवडिलांचा वंशज तोच शब्द बिरुद म्हणून घेऊन येतो आणि समोरच्याने तो ताबडतोब अंगावर घालावा अशी अपेक्षा करतो. हे तुर्क दुसरीकडे राहतात असे म्हणणारा खेडूत कदाचित शिवीच शेजारच्या तालुक्याकडे सरकवीत असेल. ‘याबान’ ह्या शीर्षकशब्दाची गंमतही येथे लक्षात घेण्याजोगी आहे. राष्ट्रवादी कादंबरीचे हे नाव मूळचे फारसी, ‘बियाबान’ ह्या शब्दाशी नाते सांगणारे. भाषाशुद्धीचे कार्य हाती घेणारी तुर्की भाषा-संस्थाही १९३२ मध्येच स्थापन झाली.

आणि ‘चावुश’ हे काही नुसते नाव नाही. चावुश म्हणजे सैन्यातील हवालदार. निजामाच्या राज्यात अरब पहारेकऱ्यांबरोबर हाच शब्द आला आणि मराठवाड्यात ‘चाऊस’ हे आडनाव म्हणून तो आजही ऐकू येतो. गावात ज्याला ह्या पदाने ओळखतात तो मनुष्य सुलतानाच्या फौजेत नोकरी करून आलेला आहे. ह्या पिढीच्या अनातोलियन शेतकऱ्याने येमेनच्या मोहिमा पाहिल्या; १९१२ पासून तर बाल्कन युद्ध, महायुद्ध आणि स्वातंत्र्ययुद्ध मिळून दहा वर्षे त्याच्या घरातील पुरुष घरी नव्हता. मेहमेत अली महायुद्धातून परतला तो पुन्हा सैन्यात गेला, हे कादंबरीच सांगते. साकार्यापूर्वी, ऑगस्ट १९२१ मध्ये, सेनापतीच्या आज्ञेने प्रत्येक घरातून कपड्यांचा एक जोड, मोज्यांचा एक जोड आणि पादत्राणांचा एक जोड सैन्यासाठी मागण्यात आला; धान्य, कापड, चामडे ह्यांच्या साठ्यांतून शेकडा चाळीस भाग पुढे पैसे देण्याच्या बोलीवर उचलण्यात आला. ती लढाई जिंकली गेली त्यात ह्या जोडांचा वाटा आहे. अहमेत जेलालच्या निष्कर्षात मात्र ह्या देण्याला वजन नाही. देशप्रेम म्हणजे देशाविषयी बोलता येणे, अशी त्याची नकळत समजूत आहे; जो बोलत नाही त्याचे देणे त्याच्या हिशेबात धरले जात नाही.

खेड्याच्या अर्थव्यवहाराविषयी कादंबरी निवेदकापेक्षा शहाणी आहे. मेहमेत अलीच्या आईच्या, झेयनेपच्या, शेतावर सालिह आगा हात टाकतो तेव्हा अहमेत जेलाल संतापतो आणि गावकरी खांदे उडवितात. निवेदक ह्याला गुलामी वृत्ती म्हणतो. परंतु ज्या गावाला सरकारचे तोंड दिसते ते शिपाईभरतीच्या आणि दशांश वसूल करणाऱ्या मक्तेदाराच्याच रूपाने, त्या गावाने आगाशी वैर कोणाच्या भरवशावर करावे? दशांशाचा कर प्रजासत्ताकाने १७ फेब्रुवारी १९२५ रोजी रद्द केला. खेड्याच्या दृष्टीने टोपी आणि लिपी ह्यांपेक्षा ही सुधारणा मोठी होती असे म्हणावयास हरकत नाही. १९३२ मध्ये लिहिणाऱ्या लेखकाला हे ठाऊक होते. पण आगाची जमीन आगाकडेच राहिली, हेही त्याला ठाऊक होते, आणि म्हणूनच सालिह आगाचे चित्र इतके टवटवीत उतरले असावे.

कलाकृती म्हणून ‘याबान’चे यश असमान आहे. पठाराचे वर्णन, तेथील वाऱ्याची आणि धुळीची एकसुरी छाया, हिवाळ्यातील कोंडलेपण ही लेखकाची खरी सामर्थ्ये. एमिनेची व्यक्तिरेखा मात्र फिकट आहे. ती स्त्री कमी आणि निवेदकाच्या तळमळीचे निमित्त अधिक. गावकऱ्यांच्या देहांची आणि चेहऱ्यांची वर्णने तिरस्काराकडे इतकी झुकतात की, आत्मपरीक्षणाचे समर्थन तेथे लंगडे पडते. ग्रीक सैन्याचा प्रवेश आणि गावाचा विध्वंस हा भाग वेगवान आहे, पण त्यात निवेदक सुटल्यासारखा वाटतो. शत्रू उघड दिसू लागल्यावर आपल्या माणसांविषयीच्या अवघड प्रश्नांतून त्याची मोकळीक होते.

ज्या वर्षी ‘याबान’ निघाली त्याच १९३२ मध्ये याकुप काद्री आणि त्याचे सहकारी ‘काद्रो’ हे मासिक चालवू लागले. क्रांतीचे तत्त्व जाणणाऱ्या थोड्यांनी, एका शिस्तबद्ध गटाने, अजाणत्या बहुसंख्याकांना पुढे न्यावे, असा त्या मासिकाचा सिद्धांत होता. १९२७ च्या जनगणनेत एक कोटी छत्तीस लाख लोकसंख्येपैकी सुमारे तीन चतुर्थांश लोक खेड्यांत राहणारे निघाले होते आणि अक्षरओळख असलेले दहांत एकच्या आसपास. तेव्हा हा सिद्धांत त्या पिढीला का पटला हे समजण्याजोगे आहे. पण कादंबरीकाराने सिद्धांतकाराला साथ दिली नाही. ज्याने न्यावयाचे तो अहमेत जेलाल एका हवालदारालाही आपल्या बाजूला वळवू शकत नाही. हे अपयश लपविले नाही हा याकुप काद्रीचा प्रामाणिकपणा होय, आणि तो त्याच्या विचारांहून मोठा आहे.

‘अंकारा’ (१९३४) ह्या पुढच्या कादंबरीत हा प्रामाणिकपणा काहीसा ढळतो. सेल्मा ह्या नायिकेचे तीन विवाह आणि राजधानीच्या तीन अवस्था अशी तिची रचना आहे. युद्धकाळातील चिखलाची अंकारा आणि नाचगाण्यांत, जमिनींच्या सट्ट्यात रमलेली नवश्रीमंतांची अंकारा हे पहिले दोन भाग जिवंत आहेत. दुसऱ्या भागातील उपहास तर बोचरा आहे. तिसरा भाग लिहिण्याच्या वेळी अजून न आलेल्या काळात घडतो, आणि तेथे लेखक, कामकरी, शेतकरी सारे एकदिलाने राष्ट्र उभारीत आहेत. ‘याबान’मध्ये जी दरी पार करता आली नाही ती येथे भविष्यकाळाने भरून काढली आहे. प्रत्यक्षात त्याच वर्षी ‘काद्रो’ मासिकाविषयी वरिष्ठांची नाराजी झाली, ते लवकरच बंद पडले, आणि संपादकमंडळातील हा लेखक राजदूत म्हणून अल्बानियात तिरानाला पाठविला गेला.

दरी खरोखर कशी भरू लागली ते पाहावयाचे तर याकुप काद्री सोडून दुसऱ्या लेखकाकडे जावे लागते. १७ एप्रिल १९४० च्या कायद्याने स्थापन झालेल्या ग्राम-संस्थांतून खेड्यातील मुलामुलींना शिक्षक करून पुन्हा खेड्यात पाठविले जाई. अशा संस्था एकवीस निघाल्या; १९५४ मध्ये त्या साध्या शिक्षक-विद्यालयांत विलीन झाल्या. इव्रिझ येथील संस्थेतून निघालेला महमुत माकाल हा विशीतला शिक्षक ‘वार्लिक’ मासिकात खेड्यावरील टिपणे लिहू लागला, आणि १९५० मध्ये ती ‘बिझिम कोय’, म्हणजे ‘आमचे गाव’, ह्या नावाने पुस्तकरूपाने निघाली. त्यात थंडी आहे, जळणासाठी लागणाऱ्या गोवऱ्यांची टंचाई आहे, भाकरीचा हिशेब आहे, आजारपण आहे. खेड्याचे दारिद्र्य ‘याबान’मधील दारिद्र्याहून कमी नाही आणि अंधश्रद्धेवरील टीकाही सौम्य नाही. फरक सर्वनामाचा आहे. ‘ते’च्या जागी ‘आम्ही’ आल्याबरोबर अडाणीपणाला कारणे फुटतात. गावकरी एखादी गोष्ट का करीत नाहीत ह्याचे उत्तर बहुधा तिला किती गोवऱ्या आणि किती पीठ लागते ह्यात सापडते. प्रजासत्ताक सत्तावीस वर्षांचे झाले होते, तरी हे सांगितल्याबद्दल माकालला काही काळ अटकेत राहावे लागले. त्याच वर्षी, १४ मे रोजी, मतपेटीने सत्ताधारी पक्षाचा पराभव केला, आणि १९३२ पासून तुर्की भाषेत दिली जाणारी बांग महिन्याभरात पुन्हा अरबीत देण्यास मोकळीक मिळाली. बेकिर चावुशाच्या उत्तराचा विसर गावाला पडलेला नव्हता, असे त्यावरून दिसते. याकुप काद्रीने ह्या काळाकडे ‘पानोरामा’ (१९५३-५४) ह्या दोन खंडांच्या कादंबरीत मोठ्या विषादाने पाहिले; ती कादंबरी लांबलचक आणि थकलेली आहे.

‘याबान’च्या चौकटीतील त्या वहीविषयी एक गोष्ट सांगावयाची राहते. अहमेत जेलाल ती एमिनेच्या हाती देतो. एमिनेला वाचता येत नाही, हे त्याला ठाऊक आहे. १९२१ मध्ये लिहिलेली ती वही अर्थातच अरबी लिपीत असणार. कादंबरी छापली गेली ती १ नोव्हेंबर १९२८ च्या कायद्याने आलेल्या लॅटिन लिपीत. पणजोबांचे मोडी कागद घरात असून ते वाचण्यासाठी जाणकार शोधावा लागणाऱ्या मराठी कुटुंबांना ह्याचा अर्थ वेगळा सांगावा लागणार नाही. छापील पुस्तक हाती घेणाऱ्या १९३२ च्या शाळकरी मुलापुढे साकार्याच्या काठची ती मूळ वही ठेवली असती, तर एमिनेप्रमाणे त्यालाही ती नुसती हातात धरूनच बसावे लागले असते.